बोकडाला तमीज कोण शिकवणार?

बकरईदची धामधूम संपून दोन महिने होत नाहीत, तोच आमच्या अचलपुरात गल्लोगल्ली नवी पिल्लं दिसायला लागतात. कोणी परतवाड्याच्या बाजारातून आणलेलं, कोणी मेळघाटच्या पायथ्याच्या खेड्यातून, कोणाच्या घरच्याच बकरीचं. ज्यांना घरी पाळून कुर्बानी करायची असते ते वर्षभर आधीच तयारीला लागतात, कारण बोकड वर्षाचा पुरा झाल्याशिवाय कुर्बानीला चालत नाही. गळ्यात घुंगरू, पायात काळा दोरा. पोरं शाळेतून आली की दप्तर एकीकडे फेकतात आणि आधी पिल्लाकडे धावतात. हे पाहून मला दरवर्षी बरं वाटतं.

पुढच्या सात-आठ महिन्यांत त्याच पिल्लाचं जे होतं ते पाहून मात्र बरं वाटत नाही. ते रस्त्यानं जाणाऱ्या सायकलीवर धावून जातं. नळावर पाणी भरायला आलेल्या बाईच्या पदराला तोंड घालतं. कोणी खाली वाकलं की मागून ढुसणी देतं. शेजारच्या अंगणात घुसून झेंडू खातं. मालक ओट्यावर बसून हसतो आणि म्हणतो, ‘लय मस्तीखोर आहे.’ जणू त्यात त्याचं काही कर्तृत्व आहे. खरं म्हणजे आहेच.

मराठीत याला वळण म्हणतात, आमच्या घरात तमीज. मूल वाया गेलं तर लोक आई-बापाला विचारतात, वळण लावलं नाही का? बोकड वाया गेला तर कोणी विचारत नाही. जनावरच ते, असं म्हणून सोडून देतात. माझं म्हणणं असं की बोकडाच्या बाबतीतही हा प्रश्न विचारायला हवा आणि आपण मुसलमानांनी तो स्वतःला जरा जास्तच विचारायला हवा. का, ते सांगतो. पण आधी आमच्या घरची गोष्ट.

मी सातवीत असेन. अब्बांनी दीड महिन्याचं एक पिल्लू आणलं होतं, तांबूस-बदामी रंगाचं, आपल्या वऱ्हाडी जातीचं. (ही जात आता ‘बेरारी’ या नावानं कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत आहे. उस्मानाबादीचं नाव सगळ्यांना माहीत, आपल्या घरच्या बकरीचं नाव आपल्याच लोकांना माहीत नाही.) त्याची आई मेलेली होती म्हणून बाटलीनं दूध पाजायचं. पाजण्याचं काम माझ्याकडे आणि माझ्या धाकट्या भावाकडे. आम्ही त्याचं नाव बादल ठेवलं. रात्री ते आमच्याच खाटेशेजारी झोपायचं. दुसरी बकरी घरात नव्हती. म्हणजे त्या पिल्लानं डोळे उघडल्यापासून माणसंच पाहिली.

आमचा आवडता खेळ म्हणजे टक्कर. आम्ही हाताची मूठ किंवा तळवा त्याच्या कपाळाला लावायचो आणि ढकलायचो. ते मागे सरायचं, मागच्या दोन पायांवर उभं राहायचं आणि डोकं वाकडं करून हातावर आदळायचं. आम्ही ‘ओय’ करून मागे पळायचो. पाहुणे आले की त्यांनाही हा खेळ दाखवायचो. मामू तर मुद्दाम रुमाल हलवून त्याला चिडवायचे. तेव्हा त्याचं वजन पाच-सहा किलो होतं आणि शिंगं म्हणजे नुसते दोन उंचवटे. कोणाला काय लागणार होतं?

दहा महिन्यांत ते तीस किलोच्या आसपास गेलं. उन्हाळ्याचे दिवस होते. आमच्या पल्याडच्या घरी एक आजी राहायच्या, त्यांचं आणि आमचं अंगण म्हटलं तर एकच, मध्ये कमरेएवढी भिंत. आजींनी बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या. बादलनं भिंत ओलांडली आणि बाजेवर पुढचे दोन पाय ठेवून कुरडया खायला सुरुवात केली. आजी हातात फडकं घेऊन हाकलायला आल्या. फडकं हललं, आजी एक पाऊल मागे सरल्या. त्याला वाटलं, खेळ सुरू झाला. ते मागच्या पायांवर उभं राहिलं.

आजींचं मनगट मोडलं. दीड महिना प्लास्टर. वर्षभराच्या कुरडया गेल्या त्या वेगळ्या.

अब्बा संध्याकाळी त्यांच्या घरी गेले, मान खाली घालून उभे राहिले. मीही मागे होतो. आजी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ‘जनावर हाय ते, त्याले काय समजते? पन तुमाले तं समजते ना बापू?’ मला आजपर्यंत जेवढे टोमणे बसले, त्यात याच्याइतका खोल गेलेला दुसरा नाही. अम्मीनं त्या वर्षी त्यांच्याकडून रीत विचारून गव्हाचा चीक काढला आणि त्यांच्या घरी कुरडया करून दिल्या. त्या काही नीट जमल्या नाहीत, पण आजींनी घेतल्या.

घरी आल्यावर अब्बांनी बादलला मारलं नाही. आम्हा दोघा भावांना विचारलं, ‘टक्कर लावायला याला कोणी शिकवलं?’ आम्ही म्हणालो, कोणी नाही, बोकड लावतातच. अब्बा म्हणाले, ‘बोकड बोकडाशी लावतो. माणसाशी लावायला माणूस शिकवतो.’

अब्बा काही पशुवैद्य नव्हते, पण नंतर मी जे वाचलं आणि जे पाहिलं त्यावरून ते शंभर टक्के बरोबर होते. बकरी कळपाचं जनावर आहे. कळपात कोण पुढे, कोण मागे, आधी चारा कोणाचा, सावलीची जागा कोणाची, हे सगळं डोक्याला डोकं लावून ठरतं. ज्यानं पाय मागे घेतला तो हरला, विषय संपला, मग पुन्हा रोज भांडण नाही. आईजवळ आणि कळपात वाढलेल्या पिल्लाला माणूस हा वेगळा प्राणी आहे हे कळतं. पण बाटलीवर, एकट्यानं, माणसांत वाढवलेलं नर पिल्लू माणसालाच आपल्या कळपातला धरतं. लहानपणी ते अंगावर चढतं, ते आपल्याला लाडाचं वाटतं. मोठं झाल्यावर ते तुमच्याशी जागेसाठी लढतं, आणि आपण त्याला लहानपणीच शिकवलेलं असतं की माणूस टक्कर लागली की मागे पळतो. त्याच्या हिशोबानं तो दहा महिने रोज जिंकत आला होता. आजींच्या वेळी त्यानं नवं काहीच केलं नाही.

म्हणून पहिला नियम, आणि मी तर म्हणेन यातच निम्मं काम होतं: कपाळाला हात लावायचा नाही. लाड करायचे तर गळ्याखाली, छातीवर, पाठीवर खाजवावं, बकरीला ते फार आवडतं, मान लांब करून उभी राहते. शिंगांना धरून ओढायचं नाही, शिंग धरलं की ते त्याला लढाईचं आव्हान वाटतं. घरात पोरं, पाहुणे, मामू, सगळ्यांना हे सांगून ठेवायचं. मामूला सांगणं सगळ्यात अवघड.

दुसरं, एकटं पिल्लू आणू नये. दोन आणावीत, किंवा शेजाऱ्यानं एक आणि आपण एक आणून दिवसा एकत्र बांधावीत. एकटी बकरी दिवसभर ओरडते, ते हट्टानं नव्हे, घाबरून. गल्लीतल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना दुपारची झोप मिळत नाही. दोघं असली की आपसात काय ते टक्कर-बिक्कर करून घेतात आणि माणसाला माणूस म्हणून ओळखतात.

तिसरं, जे नर पिल्लू पैदाशीसाठी ठेवायचं नाही ते वेळेत खच्ची करून घ्यावं. दोन-तीन महिन्यांचं असताना सरकारी दवाखान्यात पशुवैद्यक चिमट्यानं हे काम करतात, जखम होत नाही. वयात आलेला बोकड माजावर येतो, स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततो, त्याचा तो वास तीन घरं पलीकडे जातो, आणि मग त्याला तमीज शिकवणं म्हणजे वादळाला समजावणं. काही लोकांना उगाच शंका असते की खस्सी जनावर कुर्बानीला ऐबदार ठरेल का. ऐब मोजायचे तर आंधळेपणा, उघड लंगडेपणा, उघड आजार, हाडं दिसेपर्यंतचा अशक्तपणा हे आहेत. खस्सी हा ऐब नाही, खस्सी मेंढ्यांची कुर्बानी खुद्द प्रेषितांनी (स.) केल्याच्या हदीस आहेत. मौलानांना विचारा, तेही हेच सांगतील. उलट मस्तवाल बोकडच आपसात भिडून शिंग मुळापासून उखडून घेतात, डोळा घालवतात, आणि ईदच्या आठवडाभर आधी मालक कपाळाला हात लावून बसतो.

आता रोजचं शिकवणं. बकरी मूर्ख असते हा आपला गैरसमज आहे. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बकऱ्यांना डब्याचं झाकण काढून खाऊ घ्यायला शिकवलं आणि मग झाकण घट्ट बसवून टाकलं. बकऱ्या थोडी खटपट करून शेजारच्या माणसाकडे पाहू लागल्या, डब्याकडे आणि पुन्हा माणसाकडे. माणसाचं तोंड त्यांच्याकडे असेल तर जास्त वेळ, पाठ असेल तर कमी. म्हणजे मदत कोणाकडे मागायची आणि तो आपल्याकडे पाहतोय की नाही, एवढं तिला कळतं. 2018 मध्ये त्याच लोकांनी दाखवलं की हसऱ्या आणि रागीट चेहऱ्याचे फोटो समोर ठेवले तर बकऱ्या हसऱ्या चेहऱ्याकडे जास्त ओढल्या जातात. आमच्या दादीला हे विद्यापीठाशिवाय माहीत होतं. ती बकरीपाशी रागानं कधी जायची नाही. म्हणायची, दूध चोरते ती, तोंड पाहूनच.

दादीच्या बकऱ्यांची शिस्त मी लहानपणी पाहिली आहे. पत्र्याचा एक डबा होता, त्यात मूठभर सरकीची ढेप. डबा वाजला की बकऱ्या कुठूनही येत. शकुंतलेच्या रुळांकडे चरायला गेलेल्या असल्या तरी. (ती गाडी बंद पडली, रूळ आहेत, बकऱ्या आजही तिथं चरतात.) पण ढेप ती हातानं कधी भरवायची नाही. टोपल्यात टाकायची, आणि बकरी चारही पायांवर शांत उभी राहिल्याशिवाय टोपलं खाली ठेवायची नाही. अंगावर चढली की दादी पाठ फिरवून उभी राहायची, ना ओरडणं, ना मारणं. दोन-चार दिवसांत पिल्लाला कळायचं की चढलं तर काही मिळत नाही, उभं राहिलं तर मिळतं. एवढं साधं आहे. आपण नेमकं उलटं करतो. चढलं की हसून बिस्कीट देतो, मग ते पांढऱ्या कपड्यांवर चढलं की काठीनं मारतो. जनावराला काय कळणार, कालचं खरं की आजचं?

हातानं खाऊ घालण्याची एक वाईट बाजू आणखी आहे. माणसाच्या हातात खाणं असतं हे बोकडाला पक्कं झालं की तो प्रत्येक हाताकडे धावतो. पिशवी, पुस्तक, पदर, नमाजेला निघालेल्या बुजुर्गांची टोपी, सगळ्याला तोंड. आणि गल्लीतला प्रत्येक जण येता-जाता पोळी, भात, कणीक, बिर्याणी खाऊ घालतो, सवाब मिळेल म्हणून. कुटार, पाला, बाभळीच्या शेंगा यांवर चालणारं ते पोट. त्यात एका दिवसात दोन किलो पोळ्या गेल्या की आत आंबतं, पोट डावीकडून नगाऱ्यासारखं फुगतं आणि सकाळी जनावर आडवं. ईदच्या आदल्या आठवड्यात असे बोकड मेलेले मी पाहिले आहेत. मोकाट फिरणारी बकरी बेशरमचा पाला खाते, कुंपणाची कन्हेर खाते, त्यानंही मरते. म्हणजे तमीज ही फक्त शेजाऱ्याच्या सोयीची गोष्ट नाही, जनावराच्या जिवाचीही आहे.

ढुसणी द्यायची सवय आधीच लागली असेल तर? मारल्यानं जात नाही, हे आम्ही बादलवर करून पाहिलं होतं. काठी म्हणजे त्याला लढाईच वाटते, तो आणखी जोर करतो. तोंडावर मारणं तर आपल्याकडे साफ मना आहे, जनावराच्या तोंडावर मारू नये, तोंडावर डाग देऊ नये, हे हदीसमध्ये स्पष्ट आहे. करायचं असं की तो डोकं खाली घालून आला तर मागे पळायचं नाही, बाजूला व्हायचं, गळ्याचा पट्टा धरून त्याला आपल्या अंगालगत उभं करायचं आणि शांत होईपर्यंत सोडायचं नाही. पिचकारीतून पाण्याचा एक फवारा तोंडावर मारला तरी बकरी दहा पावलं मागे जाते, तिला पाणी अजिबात आवडत नाही. मोठा झालेला, माजलेला बोकड मात्र पोरांच्या हाती देऊ नये. त्याला मजबूत दाव्यानं बांधून ठेवावं. सगळंच सुधारतं असं मी म्हणणार नाही.

आता मी वर म्हणालो होतो की मुसलमानांनी हा प्रश्न जास्त विचारायला हवा, त्याकडे येतो.

एक तर शेजार. अचलपूर दाट वस्तीचं जुनं गाव आहे. इमादशाहीच्याही आधीपासूनचं. दरवाजे, परकोट, मोहल्ल्याला मोहल्ला लागून. 2022 च्या एप्रिलमध्ये दुल्हा दरवाज्यावरच्या झेंड्यावरून तंटा झाला, संचारबंदी लागली, ते दिवस कोणी विसरलेलं नाही. अशा गावात आपला बोकड कोणाच्या तुळशीला तोंड लावतो ही फक्त बोकडाची गोष्ट राहत नाही. समोरचा माणूस भला असेल तर हसून सोडून देईल, पण त्याच्या घरातलं एखादं तरुण पोरगं ते लक्षात ठेवेल, आणि तो बोकड ‘त्या लोकांचा’ होईल. आणि शेजारी मुसलमान असला म्हणून काय, त्याची कोथिंबीर फुकटची आहे? शेजाऱ्याचा हक्क सांगताना दीनमध्ये त्याचा धर्म विचारलेला नाही.

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. 2023 मध्ये 29 जूनला बकरईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली. महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी आपसात ठरवून त्या दिवशी कुर्बानी केली नाही, तीन दिवसांची मुभा आहे ती वापरली. कोणाच्या धाकानं नव्हे, आपल्या वारकरी शेजाऱ्यांचा उपवास आहे म्हणून. वर्तमानपत्रांत त्याचं कौतुक छापून आलं. एवढी मोठी तमीज एका दिवसासाठी दाखवता येते, तर कुरडया वाळत घातल्यात हे पाहून बोकड बांधून ठेवायची रोजची तमीज का नाही? तिचं कौतुक छापून येत नाही, म्हणून?

दुसरं, मोबाईल. आता बोकड आणला की आधी त्याचा व्हिडिओ निघतो. वजन किती, किंमत किती, नाव काय. कोणाच्या अंगावर ‘अल्लाह’ लिहिल्यासारखा डाग सापडला की किंमत लाखांत. आणि व्हिडिओत दम यावा म्हणून पोरं बोकडाला मुद्दाम चिडवतात, तो धावून आला की ओरडतात, पडतात, हसतात. आम्ही अंगणात केलेली चूक हे चौकात, शंभर लोकांसमोर करतात. या लोकांचं म्हणणं असतं, कुर्बानीचंच तर जनावर आहे, त्याला कसली शिस्त लावायची, चार महिन्यांचा पाहुणा. मला हे वाक्य ऐकून चीड येते. चार महिन्यांच्या पाहुण्याला चिडवायचं?

आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, शेवटचा दिवस.

बादलच्या शेवटच्या दिवसाबद्दल मी फार कमी लोकांशी बोललो आहे. त्याला दावं लावून चालायची सवय नव्हती, आम्ही त्याला मोकळाच वाढवला होता. पायाला कोणी हात लावलेला नव्हता. आडवं पाडलेलं त्यानं कधी अनुभवलं नव्हतं. नमाज पढून आल्यावर चौघांनी त्याला शिंगांना धरून अंगणातून ओढत नेलं. तो लढला, कारण आम्ही त्याला लढायला शिकवलं होतं. एकाचा पाय तुडवला, एकाला खाली पाडलं. मग माणसं चिडली. पुढचं मी सांगत नाही. अब्बांनी त्या रात्री जेवण केलं नाही. म्हणाले, कुर्बानी झाली, पण अदबीनं झाली नाही.

आपल्याकडे हुकूम काय आहे? प्रत्येक गोष्टीत एहसान, म्हणजे काम सुंदर रीतीनं करणं, आणि जबह करतानाही ते: सुरी धारदार करा, जनावराला आराम द्या. सही मुस्लिममध्ये आहे. जनावर आडवं पाडून त्याच्या डोळ्यांदेखत सुरीला धार लावणाऱ्या माणसाला प्रेषितांनी (स.) विचारलं होतं की याला दोनदा मारायचं आहे का. बकरीला पाय धरून ओढत नेणाऱ्याला हजरत उमर यांनी हटकलं, मरणाकडे न्यायचं तर नीट ने, असं सांगितलं, अशीही रिवायत आहे. हे आपण जुम्म्याच्या बयानात दरवर्षी ऐकतो आणि समजतो की हे सगळं ईदच्या सकाळी पाळायचं आहे. ईदच्या सकाळी काहीही पाळता येत नाही. ज्या बोकडाला दाव्यानं चालायची, पायाला हात लावू देण्याची, तोंड उघडू देण्याची (दोन दात आले का ते पाहण्यासाठी बाजारात दहा जण उघडतात), हळूच कुशीवर झोपवलं तर पडून राहण्याची सवय आहे, तोच आरामात जाईल. ही सवय लावायला महिने लागतात. रोज पाच मिनिटं. एक पाय उचलायचा, सोडायचा, पाठीवरून हात फिरवायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा पाय.

इथं एक प्रश्न येतो आणि तो खरा आहे, त्याला मी टाळत नाही. माझ्या मुलीनंच विचारला. ती म्हणाली, बाबा, म्हणजे त्याचा भरवसा कमवायचा आणि मग त्याच भरवशावर त्याला न्यायचं? हा धोका नाही का?

मी तिला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. लोक यावर सोपा उपाय सांगतात: लळाच लावू नका, ईदच्या आदल्या दिवशी बाजारातून आणा, कसायाकडे द्या, संध्याकाळी मटण घरी. मला तो उपाय पटत नाही. त्यात त्रास फक्त आपला वाचतो. बोकडाचा उलट वाढतो, अनोळखी गल्ली, अनोळखी हात, उन्हात टेम्पोत उभं राहून आलेला. लळा लावून, शिकवून, शांत नेलं तर त्याचा त्रास कमी आणि आपला जास्त. हजरत इब्राहिम यांच्या गोष्टीत त्रास कोणाचा होता? कुर्बानी आपल्याला सोपी जावी असं कुठं सांगितलेलं नाही. ज्याच्या हातून ती करताना घशाशी काही येत नाही, त्यानं काय दिलं? मुलीला मी एवढंच म्हणालो की धोका तेव्हा होतो जेव्हा शेवटच्या क्षणी आपण त्याला घाबरवतो. तिचं समाधान झालं असं मला वाटत नाही. होऊ नये असंही मला वाटतं.

जे लोक मांस खात नाहीत, त्यांना हे सगळं ढोंग वाटेल. वाटू द्या. त्यांच्याशी वाद घालायला मी हे लिहिलेलं नाही. मी आपल्या लोकांशी बोलतो आहे, ज्यांच्या अंगणात आत्ता या क्षणी एक पिल्लू बांधलेलं आहे.

आमच्या अंगणातही आहेत, दोन. पल्याडच्या आजी जाऊन बरीच वर्षं झाली. भिंत आहे तशीच आहे, कमरेएवढी, उंच करावी असं ना आम्हाला वाटलं ना त्यांना. आता उन्हाळ्यात आजींच्या सूनबाई बाजेवर कुरडया घालतात. काकूच म्हणतो मी त्यांना, वयानं फार मोठ्या नाहीत तरी. परवा संध्याकाळी त्या भिंतीशी आल्या. दोन्ही पिल्लं मोकळी होती, आमच्या ओट्याखाली उभी. बाज पलीकडे भरलेली. काकूंनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, ‘हे येत नाही का जी इकडे?’

मी म्हणालो, अजून तरी नाही.

त्यांच्या हातात पालकाची देठं होती. त्यांनी भिंतीवरून हात लांबवला आणि पिल्लाला बोलावलं. मी म्हणालो, काकू, हातानं नका देऊ, ते टोपलं आहे ना, त्यात टाका. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘बापा, लय कडक मास्तर हाय तुमी.’ आणि देठं टोपल्यात टाकली.